कुलूपवाला एकेरीवर!

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याविषयी भलतासलता ग्रह व्हायला नको. माझ्या नजरेतून चूक सुटत नाही! काना सुटत नाही, मात्रा सुटत नाही, अनुस्वार तर मी वास घेऊन ओळखतो. एकतीस वर्षं मी मुद्रितं तपासतोय. पुस्तक छापायच्या आधी त्याचे कच्चे कागद माझ्या टेबलावर येतात आणि लालेलाल होऊन परत जातात. लेखक मंडळी मला लांबून पाहिलं तरी रस्ता बदलतात. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत मी तीन चुका काढल्या होत्या. चौथी लग्नानंतर कळली, असं आमची ही म्हणते.

वयाच्या हिशेबानं मी दोन वर्षांपूर्वीच घरी बसायचा. पण मालकांनी ठेवून घेतलं ते 'धुक्याची सात दारं' या मालिकेसाठी. जादू, धुकं, तटबंदी, उडणारे साप आणि सात जाडजूड खंड! सहा माझ्या हाताखालून बिनचूक गेले. सातवा, शेवटचा, माझ्यापुढे ठेवून मालक म्हणाले, "हा नीट पार पाडलात तर पुढची मालिकाही तुमचीच. पण यात एक चूक सापडली, तर पेन्सिल इथं ठेवायची आणि घरी जायचं!"

"एक चूक?" मी हसलो. "मालक, माणूस बघून बोला!"

आता आपल्या भाषेत एक भानगड आहे, ती तुम्हाला ठाऊकच आहे. गोष्टीतला माणूस 'तो आला' की 'ते आले', हे आधी ठरवावं लागतं. एका पानावर 'तो' आणि दुसऱ्यावर 'ते' झालं, की वाचक कागद-पेन घेऊन पत्र लिहायला बसतो. म्हणून मी एक पुठ्ठा करून ऑफिसच्या भिंतीवर टांगलाय. त्याला सगळे 'मान-तक्ता' म्हणतात. म्हातारे वैद्य: ते. नावाडी: तो. राजाचा घोडा: तो. (पण चौथ्या खंडात राजाला वाचवताना मेल्यानंतर: ते.) घोड्याचा निर्णय माझा स्वतःचा होता, आणि मला त्याचा अभिमान आहे!

आणि शेवटची ओळ. कुलूपवाला: तो.

हा कुलूपवाला म्हणजे शहराच्या सातव्या दाराचा पहारेकरी. पहिल्याच खंडात विषारी धुकं येतं. दाराबाहेरून चारशे माणसं जीव घेऊन धावत येताहेत. त्यांत याचा सख्खा भाऊ आहे, दिवे लावत फिरणाऱ्या एका पोरीची आई आहे. आणि हा गडी दार लोटतो, कुलूप घालतो आणि किल्ली विहिरीत टाकतो! शहर वाचतं. बाहेरचे सगळे जातात.

आता बोला! असल्या माणसाला मान द्यायचा की नाही?

सहा खंड मला काही अडचण नव्हती. नालायक म्हणजे नालायक, एकेरी म्हणजे एकेरी. पण सातव्यात चौथ्या प्रकरणात कळलं, की रोज पहाटे तो दाराला कान लावून बसतो आणि चारशेच्या चारशे नावं तोंडपाठ म्हणतो. मी चष्मा काढून पुसला. मग गुपचूप 'तो'चं 'ते' केलं. पुढची चार प्रकरणं 'ते'. नवव्यात कळलं, त्याच्याकडे दुसरी किल्ली होती! माझं डोकं फिरलं. परत 'तो'! तेराव्यात कळलं, की ती किल्ली त्यानं नंतर घडवली होती, रात्री एकट्यानं बाहेर जाऊन माणसं पुरायला. मला हुंदका आला. 'ते'! सोळाव्यात त्यानं त्या दिवेवाल्या पोरीला तिच्या आईबद्दल खोटं सांगितलं. मी 'ते' खोडलं, 'तो' लिहिलं, 'तो' खोडलं, आणि कागद फाटला.

जिवाला कशी ती चैन नाही! जेवताना घास हातात तसाच. आंघोळीला गेलो तर बादली भरून वाहायला लागली तरी मी उभाच. रस्त्यानं चालताना मोठ्यांदा बोलायचो, "थोर आहेत... छे, कसला थोर!" लोक वळून बघायचे.

आमची ऑपरेटर, म्हणजे माझ्या दुरुस्त्या कॉम्प्युटरवर करणारी बाई, तर माझ्या जिवावर उठली. "काका, हा माणूस एकदाचा ठरवा! 'तो बसला'चं 'ते बसले' करताना क्रियापद बदलतं, विशेषण बदलतं, माझी बोटं झिजली! रविवारी चार वाजता मला फाइल छापखान्यात पाठवायचीय!"

"रविवारी सकाळी फोन कर," मी म्हटलं. "तोवर ठरवतो."

त्याच रविवारी सकाळी आमच्याकडे मेहुणा आला.

मेहुणा म्हणजे हिचा थोरला भाऊ. आणि त्याचा धंदा, काय सांगू तुम्हाला, कुलपांचा! बाजारात दुकान आहे. कुलपं विकतो, किल्ल्या करून देतो, अडकलेली दारं उघडून देतो. सगळा बाजार त्याला 'कुलूपवाला' म्हणूनच ओळखतो. या माणसानं आमच्या लग्नाला विरोध केला होता. "दुसऱ्याच्या चुका काढून जगणारा माणूस आमच्या बहिणीला काय सुख देणार?" असं चारचौघांत म्हणाला, आणि पुरतं एक वर्ष सख्ख्या बहिणीला दार उघडलं नाही! आणि याच माणसानं हिच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलच्या बाकावर अकरा रात्री काढल्या. मला म्हणाला, "तुम्ही घरी जा, तुम्हाला रक्त बघवत नाही." मी घरी गेलो. ते मला अजून टोचतं.

तोंडावर मी त्याला 'दादा' म्हणतो, 'तुम्ही' म्हणतो. पाठीमागे 'तुझा भाऊ आला होता, गेला.' बस!

तर आमच्या दाराला नवं कुलूप बसवायला तो आला होता. स्क्रू आवळता आवळता कौतुक चाललं होतं. "बघा जावईबापू, दार नुसतं ओढलं की लागतं. आणि उघडायला आतूनही किल्ली लागते! चोर आत शिरला तरी बाहेर पडायची बिशाद नाही!"

"आणि आम्ही, दादा?"

"तुमच्याकडे किल्ल्या असणारच की!" असं म्हणून त्यानं दोन्ही किल्ल्या शर्टाच्या खिशात टाकल्या आणि ही चहा घेऊन आली म्हणून बसायला गेला. तेवढ्यात फोन वाजला. आवाज नीट येत नव्हता म्हणून मी खिडकीपाशी गेलो. आणि आवाज नीट येत नसला की माणूस ओरडतो.

"काका, शेवटचं विचारते! कुलूपवाल्याला मान द्यायचा की नाही?"

रात्रभर मी सोळावं प्रकरण डोक्यात घोळवलं होतं. "अजिबात नाही!" मी गरजलो. "कुलूपवाल्याला सरळ एकेरीवर घे! इतके दिवस उगाच डोक्यावर चढवून ठेवलाय. रक्ताच्या माणसाला दाराबाहेर ठेवणारा तो, त्याला कसला आलाय मान?"

"सगळीकडे?"

"सगळीकडे! पार शेवटच्या वाक्यात लेखिकाबाईंकडून एक 'ते' राहून गेलंय, तेही काढ. एकही 'ते' दिसता कामा नये!"

"बरं झालं बाई. एका झटक्यात करते!"

मी फोन ठेवला. चार आठवड्यांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं. वळून बघतो तर मेहुण्याच्या हातात कप तसाच, आणि हिचा चेहरा पांढराफटक!

मेहुण्यानं कप खाली ठेवला. अगदी हळू. पेचकस पिशवीत टाकला. "येतो जावईबापू. एकेरीवरच्या माणसानं फार वेळ बसू नये."

"अहो दादा! तो पुस्तकातला..."

दार ओढलं गेलं. खट्!

आता काय झालंय हे माझ्या लक्षात यायला मला मिनिटभर लागलं. हिच्या लक्षात लगेच आलं. ती दाराशी गेली, कडी हलवली, खाली बसली. "किल्ल्या!"

आम्ही दोघं आत, दोन्ही किल्ल्या दादाच्या खिशात!

"अगं, मी पुस्तकातल्या कुलूपवाल्याबद्दल बोलत होतो!" मी सांगायला लागलो.

"पुस्तकात कुलपांचं दुकान आहे?"

"दुकान नाही, दार आहे. धुकं येतं..."

"आणि रक्ताच्या माणसाला दाराबाहेर ठेवलं, तेही पुस्तकात?"

"तेही!"

"बरं जमतं हो तुमच्या पुस्तकांना!" ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "अठ्ठावीस वर्षं मी ऐकतेय. तोंडावर दादा, आणि पाठ फिरली की 'तुझा भाऊ'. मला काय कळत नाही? त्यानं माझ्यावर दार लावलं होतं, तुमच्यावर नाही. मी ते विसरले. तुम्ही कोण धरून बसणारे?"

मी फेऱ्या मारायला लागलो. दारापासून खिडकीपर्यंत नऊ पावलं, परत नऊ.

हिनं भावाला सात वेळा फोन लावला. आठव्यांदा त्यानं उचलला. तो एकच वाक्य बोलला, "ते पुस्तक दाखवा, मग किल्ली." आणि अर्ध्या तासानं खिडकीखाली स्कूटर येऊन थांबली.

आम्ही पहिल्या मजल्यावर. माझ्या टेबलावर मुद्रितांचा जुना गठ्ठा होता, माझ्या चार आठवड्यांच्या लाल रेघोट्यांसकट. तो बाजाराच्या पिशवीत घातला, पिशवी कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधली आणि खाली सोडली. त्यानं सोडवून घेतली, स्कूटरवर टेकला आणि पहिलं पान काढलं.

"दादा, सगळं वाचायची गरज नाही!" मी वरून ओरडलो. "कुठल्याही पानावर कुलूपवाला आहे!"

"मी माणसाची पहिल्यापासून चौकशी करतो," तो म्हणाला.

बारा वाजले. एक वाजला. तो पानं उलटत होता, बोट ओलं करत होता. पावणेदोनला त्यानं मान वर केली. "जावईबापू! यानं दार लावलं ते बरोबरच आहे!"

"बरोबर? चारशे माणसं, दादा!"

"आणि आतली नऊ हजार? तुम्हाला काय, कागदावर दया करायला काय जातं! कुलूपवाल्याचा धर्म दार लावायचा. उघडायला सगळं जग असतं!"

"मग किल्ली विहिरीत का टाकली?"

"स्वतःवर भरवसा नव्हता म्हणून!" तो खालून ओरडला. "किल्ली हातात असती तर उघडलं असतं त्यानं! हे कळत नाही तुम्हाला?"

खरं सांगतो, एकतीस वर्षं वाचतोय, हे मला सुचलं नव्हतं.

"दादा, आता पटलं ना? वर येऊन दार उघडता का?"

"थांबा हो! तेरावं प्रकरण चाललंय!"

अडीच. तीन. खालून नाक ओढल्याचा आवाज आला. हिनं खिडकीतून पाण्याची बाटली दोरीनं सोडली, ती त्यानं न बघता घेतली. साडेतीनला तो एकदम स्कूटरवरून उठून उभा राहिला. हातात शेवटचं पान.

"जावईबापू! हे काय करून ठेवलंय तुम्ही?"

"काय केलं?"

"सबंध पुस्तकात छापलेलं आहे 'तो'. त्यावर तुमची लाल पेन्सिल नाचलीय ते सोडा. खालचं छापील सगळं 'तो', 'तो', 'तो'. आणि शेवटच्या वाक्यात, हा माणसं पुरायला बाहेर गेलेला असताना, ती दिवेवाली पोर, जिची आई यानं बाहेर ठेवली ती पोर, काय म्हणते?" आणि त्यानं भर रस्त्यात, मोठ्यांदा वाचलं: "'दार उघडं ठेवा. ते येतील.'"

मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकलो.

"सात खंड कुणी दिला नाही, तो मान तिनं दिलाय त्याला! शेवटच्या शब्दात! आणि तुम्ही त्यावर काट मारून लिहिलंय, 'तो येईल', आणि बाजूला, 'मान-तक्ता पाहा'!"

कुलपं विकणाऱ्या माणसाला जे चार तासांत दिसलं, ते मला चार आठवडे लाल पेन्सिल घेऊन दिसलं नव्हतं! लेखिकाबाईंची चूक म्हणे! मी कपाळावर हात मारून घेतला आणि फोनकडे धावलो.

"अगं, शेवटचं वाक्य! तिथलं 'ते' परत घाल! 'ते येतील'! बाकी सगळीकडे 'तो'च!"

"घातलं काका," ऑपरेटर म्हणाली. "बाकी सकाळीच केलंय, एका झटक्यात. पाठवू?"

"पाठव!"

मग दाराशी किल्ली फिरली. तो आत आला, डोळे लाल. माझ्याकडे बघितलंच नाही. बहिणीला म्हणाला, "त्या वर्षी किल्ली माझ्या हातात होती गं. तरी उघडलं नाही. पुस्तकातला हा बरा, यानं विहिरीत तरी टाकली." हिनं त्याचा हात धरला. मी आपला दाराच्या कडीकडे बघत राहिलो.

थोड्या वेळानं त्यानं नाक पुसलं. "चला जावईबापू. तो शेवटचा शब्द छापलेला मला डोळ्यांनी बघायचाय."

स्कूटरवरून छापखान्यात गेलो. मशीन धडधडत होतं, पहिल्या सोळा पानांचे मोठमोठे कागद एकावर एक पडत होते. मी ऐटीत म्हणालो, "बघा दादा, असं असतं बिनचूक काम!"

त्यानं एक कागद उचलला, दिव्याखाली धरला आणि वाचायला लागला. "'तोव्हा दिवेवाली म्हणतो...'" तो थांबला. "जावईबापू, ही पोर मुलगा कधी झाली?"

"काय?"

"'तोव्हा दिवेवाली म्हणतो, दिव्यातलं तोल संपलं. सगळे रस्तो ओस पडले होतो.'"

मी कागद हिसकावला. एका झटक्यात! त्या बाईनं कॉम्प्युटरला सांगितलं होतं, दिसेल तिथे 'ते' काढ, 'तो' घाल. आणि त्या आज्ञाधारक यंत्रानं 'तेल'चं 'तोल' केलं, 'तेरा'चं 'तोरा' केलं, 'होते'चं 'होतो' केलं! म्हातारे वैद्य तर जागोजाग 'तो आले, तो बसले' करत होते. चारशे पानांत धड 'ते' राहिलं होतं फक्त एक. शेवटचं!

आणि हुकूम कुणाचा? 'एकही ते दिसता कामा नये!' माझाच!

"मशीन थांबवा!" मी मशीनवाल्याच्या अंगावर धावलो.

"मालकांच्या हुकमाशिवाय थांबत नाही," तो म्हणाला. मालकांचा फोन बंद. रविवारी दुपारी मालक झोपतात. मी हात जोडले, कागद दाखवले. तो म्हणाला, "मी छापतो, वाचत नाही." आणि तेवढ्यात कागद संपले, मशीन आपोआप थांबलं, आणि तो त्याच्या जोडीदाराला घेऊन मागच्या गोदामात नवे गठ्ठे आणायला गेला.

मेहुणा माझ्याकडे बघत होता. मग त्यानं पिशवीत हात घातला आणि एक मुठीएवढं कुलूप काढलं.

"दादा, नको! दुसऱ्याचं दार आहे ते!"

"बाहेर या," तो म्हणाला. त्यानं मला दंडाला धरून बाहेर काढलं, मशीनच्या खोलीचं दार लोटलं आणि कुलूप घातलं. खट्! मग दारासमोर स्टूल ओढून बसला. मशीनवाला आला, ओरडला, किल्ली मागितली. हा शांतपणे म्हणाला, "किल्ली मागू नका. माझा माझ्यावर भरवसा नाही." आणि किल्ली समोरच्या गटाराच्या जाळीतून आत सोडून दिली!

पाऊण तासानं मालक आले. त्यांनी कागद वाचला. एकदा वाचला, परत वाचला. "मी एक चूक म्हणालो होतो. या सोळा पानांत एकशे ब्याण्णव आहेत."

मी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि त्यांच्यापुढे धरली. एकतीस वर्षं ती माझ्या बोटांत होती.

तेव्हा स्टुलावरून आवाज आला. "मालक, हे माझ्या बहिणीचे यजमान. सकाळपासून ते माझ्यामुळे घरात कोंडलेले होते, नाहीतर स्वतः येऊन बघितलं असतं त्यांनी. दोष द्यायचा तर मला द्या."

'ते.' 'त्यांनी.' अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा! मालकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कुलपाकडे पाहिलं. मग पेन्सिल माझ्या खिशात परत खोचली.

चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल, की गोष्टीत आत्तापर्यंत मी मेहुण्यांना 'तो' म्हणत आलो. आता नाही म्हणणार. ऑपरेटर आणि मी दोन दिवस बसून प्रत्येक 'ते' हातानं जागेवर घातलं, आणि दोन्ही दिवस ते शेजारी बसून होते. पुस्तक बिनचूक निघालं. वाचकांची शेकड्यानं पत्रं येताहेत आणि सगळ्यांना रडू शेवटच्या शब्दालाच फुटलंय.

मान-तक्ता अजून भिंतीवर आहे. फक्त सगळ्यात खाली मालकांनी स्वतःच्या हातानं एक ओळ घातलीय. 'मुद्रितशोधक: तो. पुढची सूचना येईपर्यंत.' घरीही सध्या हाच तक्ता लागू आहे.

मेहुण्यांना मात्र मी आता तोंडावर आणि पाठीमागे, दोन्हीकडे 'ते'च म्हणतो. अगदी मनापासून! आमच्या दाराची दुसरी किल्ली अजून त्यांच्याच खिशात आहे.